पहिल्या धारेची बाटली

माझी मुलगी जन्मली त्या दिवशी लोकांनी विचारलं, "रडली का?" दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचा प्रश्न बदलला. माझी आई, नवरा, यवतमाळहून फोन करणारे सासरे, शेजारच्या काकू, सगळे एकच विचारू लागले, "सू केली का?"

ती एकोणतिसाव्या आठवड्यात आली. मी तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये जर्मन शिकवायचे, अजूनही शिकवते. फळ्यावर क्रियापदं लिहीत असताना पाणमोट फुटली. समोर अकरा इंजिनिअर बसले होते आणि त्यांतल्या एकालाही काय करावं ते सुचेना. शेवटी मीच त्यांना रिक्षा बोलवायला सांगितली आणि दारातून बाहेर पडताना गृहपाठ दिला. यात शौर्य काही नाही. भीती वाटली की मी गृहपाठ देते, एवढंच.

वजन अकराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलेली नात बघून आई म्हणाली, "याहून जास्त चक्का आपण पाडव्याला आणतो." आणि मग रुमाल तोंडाशी धरून रडली. आमच्या घरात वाक्य पूर्ण झाल्याशिवाय रडायची पद्धत नाही.

श्वासाचं ठीक होतं, नळी होती, यंत्र होतं. अडलं होतं ते किडनीपाशी. लघवी होत नव्हती, झाली तर थेंबभर. सिस्टर डायपर काढायच्या, छोट्या काट्यावर ठेवायच्या, कोरड्या डायपरचं वजन वजा करायच्या आणि उरलेला आकडा तक्त्यात लिहायच्या. रक्तातला क्रिएटिनिन नावाचा आकडा खाली यायला हवा होता, तो हटून बसला होता. तेव्हा एक डॉक्टरबाई आल्या, लहान मुलांच्या किडनीच्या. पिकलेले केस, पायात साधी चप्पल. त्यांनी आम्हाला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं.

"आईच्या पोटात बाळाच्या किडनीत गाळण्या तयार होत असतात," त्या म्हणाल्या. "बारीक बारीक, लाखांनी. हे काम साधारण नववा महिना लागेपर्यंत चालतं. तुमची मुलगी सातव्यातच उठून आली. बाहेर आल्यावरही काही आठवडे थोडं काम होतं, पण आतल्यासारखं नाही. त्यानंतर नवी गाळणी कुणालाच मिळत नाही. तुम्हाला नाही, मला नाही. असतील तेवढ्यांवर आयुष्य काढायचं."

"म्हणजे हिला कमी पडणार?" नवऱ्याने विचारलं.

"पडतीलच असं नाही. दहा माणसांचं ऑफिस सहा जणांत चालतं की नाही? चालतं. पण ते सहा जण जास्त राबतात आणि लवकर थकतात. मग कधी बीपी वाढतं, कधी लघवीतून प्रोटीन गळायला लागतं. कधी काहीच होत नाही. म्हणून नजर ठेवायची. वर्षातून एकदा बीपी आणि लघवी तपासायची. मीठ बेताचं. दुखण्यावरच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत. आणि घाबरायचं नाही."

"किती वर्षं घाबरायचं नाही?" मी विचारलं.

"तो तुमचा प्रश्न," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासरे बसमधून उतरून थेट हॉस्पिटलात आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. आत कुणाला सोडत नव्हते, म्हणून ते काचेच्या दाराबाहेर उभे राहिले. पिशवीतून आलेखाची वही काढली. दर वेळी सिस्टर बाहेर आल्या की, "किती झाली, बाई?" विचारायचे आणि कागदावर टिंब द्यायचे. पहिले दोन दिवस त्यांनी आमच्याकडून मागून घेतले. रेघ जमिनीला चिकटून चालली होती. दुपारी ती किंचित उचलली आणि संध्याकाळी एकदम वर गेली. सासरे खाली गेले, पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि वॉचमनपासून वाटत सुटले. वॉचमनने पेढा तोंडात टाकत विचारलं, "काय झालं काका, मुलगा की मुलगी?"

"मुतली!" सासरे म्हणाले.

दोन महिन्यांनी आम्ही तिला हडपसरच्या फ्लॅटमध्ये आणलं. ती वर्षाची झाल्यावर सासरेही यवतमाळचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले. कारण विचारलं तर म्हणाले, "पोट्टीचं गणित कच्चं राहू नये." पोट्टीला तेव्हा दोन दात होते. ती त्यांना आबा म्हणू लागली, मी बाबा म्हणायचे.

मिठाचं पथ्य मी सगळ्या घराला लावलं. टेबलावरून मीठदाणी गेली, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर, पापड सणाला. नवऱ्याने कुरकुर केली नाही. तो दुपारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवतो, त्याला काय? बाबा मात्र पहिल्या घासाला म्हणाले, "सूनबाई, ही भाजी आजारी हाय का?" मी म्हटलं, "भाजी निरोगी आहे, आपणही राहाल." त्यांनी पुढे कधी तक्रार केली नाही. मला वाटलं, सुधारले. तीन वर्षांनी त्यांचा सदरा धुवायला टाकताना खिशातून तपकिरीची डबी निघाली. तपकीर ते ओढत नाहीत. डबीत मीठ होतं.

मी डबी धुतली, पुसली आणि त्यात पिठीसाखर भरून परत ठेवली. त्या दुपारी त्यांनी वांग्याच्या भाजीवर ती सढळ हाताने भुरभुरली. चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता त्यांनी पूर्ण पोळी संपवली. पण टेबलाच्या पलीकडे बसलेली माझी लेक हसून हसून खुर्चीवरून घसरली. म्हणजे डबीचं तिला आधीपासून ठाऊक होतं. आणि तिलाही त्यातून चिमूट मिळत होती.

शाळेत घातलं तेव्हा मी वर्गशिक्षिकांना चिठ्ठी दिली होती: हिचा जन्म वेळेआधी झाला आहे, किडनीला जपायचं आहे, कृपया पाणी प्यायला आणि बाथरूमला जायला अडवू नये. सरळ मनाने लिहिलेली चिठ्ठी. तिसरीत शाळेतून बोलावणं आलं.

बाई म्हणाल्या, "आपल्या मुलीच्या किडनीला हिंदीच्या तासाचंच वावडं आहे का?"

"म्हणजे?"

"मराठीला एकदा जाते. गणिताला जात नाही. हिंदीला चार वेळा. आणि दर वेळी वेगळी मैत्रीण सोबत नेते. का, तर म्हणे एकटी गेले आणि चक्कर आली तर? काल पाच जणी शाळेमागच्या चिंचेखाली सापडल्या."

चिंच, आणि खिशात कागदाच्या पुडीत मीठ. पुडी कुठल्या डबीतून भरली होती ते मला विचारावं लागलं नाही.

घरी आल्यावर मी तिला समोर उभं केलं. ती म्हणाली, "आई, तूच लिहिलंस ना, अडवू नये?" बाबांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. ते थरथरत होतं.

त्याच वर्षी ती बाटलीची गोष्ट घडली.

वार्षिक तपासणीला लघवी लागते ती सकाळी उठल्या उठल्याची. आदल्या दिवशी लॅबमधून बाटली आणायची, तिच्यावर नावाचा कागद चिकटवायचा, सकाळी भरून नेऊन द्यायची. एवढं सोपं काम, पण आमच्याकडे दर वर्षी त्याचं रामायण. ती अर्धवट झोपेत उठायची, बाथरूममध्ये जायची, बाहेर येऊन म्हणायची, "अरे, विसरले." की दुसऱ्या दिवशी पुन्हा.

त्या वर्षी मी जरा कडक झाले. शुक्रवारी नमुना द्यायचा होता आणि शनिवारी तिची सहल होती, हडपसरजवळच्या मांजरी गावाला, उसाच्या शेतात. बैलगाडी, गुऱ्हाळ, हवा तेवढा रस. महिनाभर दुसरं काही बोलणं नव्हतं. मी गुरुवारी संध्याकाळी जाहीर केलं, "उद्या बाटली भरली नाही, तर परवा सकाळी मी तुला घेऊन इथे बसेन. सहल नाही."

शुक्रवारी सकाळी मी डबे भरत होते. सात वाजता बाथरूममध्ये डोकावले तर बेसिनच्या कडेला बाटली उभी. झाकण घट्ट, कागद सरळ, आणि काठोकाठ भरलेली. दर वर्षी तळाला दोन चमचे मिळायची. मला भरून आलं.

"शाब्बास!" मी बाहेर येऊन म्हटलं.

लेक दुधाच्या कपात बघत होती. बाबा नखं बघत होते. मी बाटली लॅबमध्ये दिली आणि क्लासला गेले.

शनिवारी ती सहा वाजता टोपी घालून सहलीला गेली. दुपारी मी वर्गात असताना फोनवर रिपोर्ट आला. मी सवयीने उघडला. सवयीने म्हणजे, सात वर्षं त्यात बघण्यासारखं काही नसायचं. या वेळी प्रोटीनपुढे अधिकची दोन चिन्हं होती. साखरेपुढे तीन.

खडू माझ्या हातात होता. मी काय शिकवत होते ते मला आज सांगता येणार नाही. कॉरिडॉरमध्ये येऊन डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या सदाशिव पेठेतच बसतात, क्लासपासून चार गल्ल्या पलीकडे. रिपोर्ट वाचून दाखवला.

"मुलगी कशी आहे? खूप पाणी पितेय? वजन उतरलंय?"

"नाही. म्हणजे, माहीत नाही. ती ऊस खायला गेलीय."

"परत आली की सरळ इकडे आणा. आजच. मी थांबते."

साडेतीनला मी शाळेच्या दारात उभी होते. कामावरून निघून नवरा गाडी घेऊन आला. बस थांबली आणि माझी लेक तिच्या उंचीचं कांडकं खांद्यावर टाकून, तोंडाभोवती रसाची मिशी घेऊन उतरली. मी तो ऊस हिसकावला. खरंच हिसकावला, सगळ्या पालकांसमोर. तिने मला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. मला तिला कुशीत घ्यायचं होतं आणि मी रुमालाने तिचं तोंड पुसत होते, पुसतच होते.

बाबांना वाटेत घरून घ्यायचं ठरलं नव्हतं. पण फोनवर ऐकल्यावर ते चपला घालून सोसायटीच्या दारात येऊन थांबले होते. पुढच्या सीटवर बसले. गाडी गोगलगायीसारखी सरकत होती, हडपसरच्या पुलाखाली नेहमीची कोंडी.

"काहून घाबरून राहिली तू?" ते मागे वळून मला म्हणाले. "पोट्टीले काई नाई झालं."

"बाबा, रिपोर्ट मी पाहिलाय."

"रिपोर्ट काई बी म्हणते. तिले काई नाई."

"तुम्हाला काय माहीत?" माझा आवाज चढला. दहा वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

ते पुढे वळले. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाले, "मी सांगतो ना, तिची साखर नाई ते." नवरा म्हणाला, "बाबा, प्लीज." लेक खिडकीतून बाहेर बघत होती. आता विचार करते तर दोघांच्याही माना लाल झाल्या होत्या. तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं. मी मनात माझ्याकडच्या आणि त्याच्याकडच्या सगळ्या मधुमेही नातेवाइकांची उजळणी करत होते.

डॉक्टरबाईंनी प्रथम तिच्या दंडाला छोटा पट्टा बांधून बीपी घेतलं. ठीक. बोट टोचून साखर पाहिली. उसाचा रस पोटात असूनही अगदी व्यवस्थित. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, रिपोर्ट हातात घेतला, मुलीकडे पाहिलं, परत रिपोर्टकडे.

"रक्तात साखर नॉर्मल आणि लघवीत एवढी. असंही होतं कधी कधी, पण फार क्वचित," त्या म्हणाल्या. मग ड्रॉवरमधून बाटली काढली. "जा गं, भरून आण. इथेच, आत्ता."

लेक गेली आणि मिनिटात आली. तळाला दोन चमचे. डॉक्टरबाईंनी त्यात रंगीत चौकोनांची पट्टी बुडवली, डब्यावरच्या रंगांशी ताडून पाहिली. प्रोटीन नाही. साखर नाही.



"ही लघवी तुझी," डॉक्टरबाई पट्टी दाखवत म्हणाल्या. "मग ती कुणाची होती?"

लेकीने छताकडे पाहिलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घाईने दोन्ही हात वर केले. तेवढ्यात दाराशी खुर्ची सरकली. सासरे उभे राहिले होते, हात मागे बांधून, मान खाली. जन्मभर मुलांना असं उभं केलेला माणूस.

"माझी," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. सकाळी ती नेहमीप्रमाणे झोपेत जाऊन, मोकळी होऊन, पाणी ओतून बाहेर आली आणि मग तिला बाटली आठवली. रिकामी बाटली हातात घेऊन ती आबांच्या खोलीत गेली आणि पलंगावर बसून आवाज न करता रडली. "मले वाटलं," सासरे म्हणाले, "मूत ते मूत. पाण्यासारखंच. एका घरचं हाय."

"आपण गणित शिकवायचात ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो."

"कॉपी करणाऱ्याला काय करत होतात?"

"दोघांनाबी भोपळा. देणाऱ्यालेबी आन घेणाऱ्यालेबी."

"बसा काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "घेणारीला सोडून देऊ. देणाऱ्याचं बघावं लागेल. तुम्ही शेवटची तपासणी कधी केली होती?"

सासऱ्यांनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांच्या आठवणीत तशी तपासणी नोकरीला लागतानाची होती.

त्यांचं बीपी तिथेच घेतलं, मोठा पट्टा शेजारच्या दवाखान्यातून मागवून. आकडा इतका की त्यांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. साखर तर जेवल्याला पाच तास होऊनही दुपटीच्या वर. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी लहान मुलांची डॉक्टर आहे, पण काका सध्या त्याच वर्गात बसताहेत. खालच्या मजल्यावर मोठ्यांचे डॉक्टर आहेत, मी त्यांना फोन करते." तपासण्यांत पुढे निघालं ते असं, की मधुमेह कित्येक वर्षांचा असावा, त्याने किडनीला हात घातला होता, पण गोळ्यांनी आणि पथ्याने धरून ठेवता येईल एवढंच अजून बिघडलं होतं. आणखी दोन-तीन वर्षं कळलं नसतं, तर वेगळी गोष्ट झाली असती.

त्या संध्याकाळी परतताना पुन्हा पुलाखाली अडकलो. मला राग आला होता, सुटल्यासारखं वाटत होतं आणि रागावावं कुणावर ते ठरत नव्हतं. मी तिला सहलीची धमकी दिली होती. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, मघाशी मी आवाज चढवला."

"चढवाच लागते," ते म्हणाले. मग काच खाली करत, "मी तिथंच सांगाले पायजे होतं, गाडीत. तोंडच उघडलं नाई. मोठ्या माणसाले लाज लय वाटते."

शिक्षा म्हणून लेकीला डॉक्टरबाईंना माफीचं पत्र लिहायला लावलं. तिने लिहिलं, "मी खोटी बाटली दिली याबद्दल माफ करा. पण ती दिली नसती तर आबांचं कळलं नसतं, याचाही विचार व्हावा." मी ते फाडणार होते. डॉक्टरबाईंनी मागून घेतलं आणि तिच्या फाइलमध्ये लावून टाकलं.

नंतरचे दिवस आमच्या घरात पोलीसराज होतं. पथ्य पाळायची वेळ आबांवर आली, तशी लेक कायद्याच्या बाजूला गेली. रोज संध्याकाळी त्यांचे खिसे तपासायची. चष्म्याच्या डबीत साखरफुटाणे सापडले, उशीच्या अभ्र्यात संत्र्याची बर्फी, जी यवतमाळच्या भाच्याने कुरियर केली होती आणि वर "पुस्तके" असं लिहिलं होतं. सासरे मला म्हणायचे, "सूनबाई, तू बरी होतीस." डबीत पिठीसाखर भरणारी मी, आता त्यांना दयाळू वाटत होते.

अकराव्या वर्षी मात्र खरं काही निघालं.

त्या तपासणीत तिचं बीपी वर आलं. डॉक्टरबाईंनी तीनदा घेतलं, दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं. मग दिवसभर बांधून ठेवायचं यंत्र दिलं. कमरेला डबी, दंडाला पट्टा, दर अर्ध्या तासाने तो आपोआप फुगतो आणि आकडा नोंदवतो. ते बांधून ती शाळेत गेली. तिथे तिने सांगितलं की हे खोटं पकडायचं यंत्र आहे, जवळपास कुणी खोटं बोललं की फुगतं. पहिल्या तासाला बाई म्हणत होत्या, "पेपर मी तपासलेत, घरी राहिले," आणि पट्टा घूंऽऽ करून फुगला. पूर्ण वर्गाने बाईंकडे पाहिलं. दुपारपर्यंत तिच्याजवळ बसायला कुणी तयार नव्हतं.

यंत्राने सांगितलं ते आम्हाला ऐकायचं नव्हतं. बीपी खरोखरच वाढलेलं होतं, फार नाही, पण सोडून देण्यासारखं नाही. गाळण्यांवरचा भार हलका करणारी एक छोटी गोळी सुरू करायची, रोज सकाळी. लेकीने विचारलं, "किती दिवस?"

"बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"दिवस की वर्षं?"

"वर्षं," त्या म्हणाल्या. त्या तिच्याशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

दवाखान्याच्या जिन्यात ती पायरीवर बसली आणि रडली. तिला मी इतकं शांत रडताना पाहिलं नव्हतं. आबांनी पाहिलं होतं, एकदा. मी शेजारी बसले. अकरा वर्षं जे तोंडात होतं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे. तुला आणखी दहा आठवडे आत ठेवायला हवं होतं, मला जमलं नाही."

तिने नाक बाहीला पुसलं आणि मला नीट निरखून पाहिलं. "तू दिवसभर जर्मन शिकवत होतीस," ती म्हणाली. "मला सगळं ऐकू यायचं. मीच निघाले."

जिना उतरून आम्ही दोघी कोपऱ्यावर सोडा प्यायलो, बिनमिठाचा. वाईट लागतो.

गोळीचं रुळलं. सकाळी चहाच्या वेळी आजोबा-नात समोरासमोर बसून एक-दोन-तीन म्हणतात आणि गिळतात. सासऱ्यांच्या चार, तिची एक, म्हणून ती स्वतःला वरच्या श्रेणीची समजते. बीपी आता जागेवर आहे, लघवीत प्रोटीन नाही. सासऱ्यांचा आकडा जिथे होता तिथेच अडून आहे, आणि त्या वयात अडून राहणं हीच प्रगती, असं खालच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणतात.

मागच्या महिन्यात विज्ञानाच्या बाईंनी वर्गात किडनीचं चित्र काढलं आणि सांगितलं, प्रत्येक माणसाच्या प्रत्येक किडनीत दहा लाख गाळण्या असतात. माझी लेक आठवीत आहे. तिने हात वर केला.

"बाई, माझ्यात कमी आहेत."

"तू मोजल्यास?" बाईंनी विचारलं. वर्ग हसला.

"जिवंत माणसाच्या मोजता येत नाहीत, बाई. दहा लाख हा अंदाज आहे. कुणाच्या जास्त असतात, कुणाच्या निम्म्या. लवकर जन्मलेल्यांच्या बहुतेक कमी."

बाई हुशार निघाल्या. म्हणाल्या, "उद्या तूच शिकव."

संध्याकाळभर सासऱ्यांनी तिच्याकडून तयारी करून घेतली, जेवणाच्या टेबलावर, ताटांमध्ये आकृत्या काढून. दुसऱ्या दिवशी तिने वीस मिनिटं शिकवलं. आपलं बीपी, गोळी, मीठ, काचेची पेटी, काहीच लपवलं नाही. संपल्यावर बाईंनी विचारलं, कुणाला शंका? पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मग तू लवकर मरणार का?"

बाई घाईने पुढे आल्या आणि म्हणाल्या, "पुरे, छान सांगितलंस, आता बस खाली."

"थांबा ना बाई," माझी लेक म्हणाली. "लवकर की उशिरा ते माहीत नाही, म्हणून तर दर वर्षी तपासतो. तू पण तपासून घे." मग फळ्याकडे वळून तिने खडू उचलला. "आणि बसते कशी? अजून मूत्राशय राहिलंय."